साडेपाच वर्षांचा फरक एका बिलात: आयकर कायद्याच्या कलम ८९ चा एक पूर्ण हिशेब

जून २०२५ मध्ये एक मॅडम फॉर्म १६ (पगार आणि कापलेल्या कराचा दाखला) घेऊन माझ्याकडे आल्या. बसायच्या आधीच त्यांनी कागदावरच्या एका आकड्यावर बोट ठेवलं. कापलेला कर: १,६९,००० रुपये. "भाऊ, गेल्या पाच वर्षांत माझा एक रुपयाही कर निघाला नाही. आता हक्काचे पैसे मिळाले, तर त्यातले पावणेदोन लाख गेले. हे बरोबर आहे का?"

बरोबर होतं आणि नव्हतंही. कापणाऱ्याची चूक नव्हती, पण मॅडमना तेवढा कर लागतही नव्हता. ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी कशी, हे त्यांना कागदावर दाखवायला मला दोन संध्याकाळी लागल्या. त्यांच्या परवानगीने तो सगळा हिशेब इथे मांडतो आहे. नाव, गाव, शाळा काढून टाकली आहे आणि आकडे जवळच्या गोल रकमेवर आणले आहेत.

मी स्वतः अनुदानित शाळेत लिपिक होतो आणि अशी फरक बिलं, म्हणजे थकलेल्या पगाराची बिलं, माझ्या हाताने केली आहेत. बिल मंजूर झालं, रक्कम खात्यात पडली की आमचं काम संपायचं. त्या रकमेवर पुढे कराचं काय होतं, हे शिक्षकाला समजावून सांगणारं टेबल कुठल्याच कार्यालयात नसतं. हे लिहावंसं वाटलं ते त्यासाठीच.

प्रकरण असं. मॅडम माध्यमिक शाळेत, पण पगार डी.एड. वेतनश्रेणीत. बी.एड. पूर्ण, शिकवायचे वर्ग नववी-दहावी. जून २०१९ पासून प्रशिक्षित पदवीधर वेतनश्रेणी मिळायला हवी होती. प्रस्ताव गेला, त्रुटी निघाली, पूर्तता केली, पुन्हा त्रुटी निघाली. शेवटी प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, आदेश झाला, मान्यता आली, वेतननिश्चिती झाली. डिसेंबर २०२४ च्या पगारापासून नवी श्रेणी सुरू झाली. मागच्या ६६ महिन्यांचा फरक, ९,००,००० रुपये, फेब्रुवारी २०२५ मध्ये एका बिलाने निघाला.

आता कायदा. आयकर कायदा १९६१ च्या (३१ मार्च २०२६ पर्यंतच्या उत्पन्नाला तोच लागू) कलम १५ प्रमाणे पगार देय होतो तेव्हा किंवा हातात येतो तेव्हा, यातलं जे आधी घडेल त्या वर्षी तो करपात्र. पूर्वी ज्यावर कर लागलेला नाही अशी थकबाकी मिळाली, तर ती मिळाल्याच्या वर्षात धरायची. म्हणून २०१९ चा पैसासुद्धा २०२४-२५ च्या उत्पन्नात आला. त्या वर्षीचा मॅडमचा नेहमीचा पगार ७,५०,००० होता. फरक धरून १६,५०,००० झाले. नव्या करप्रणालीत ७५,००० ची प्रमाणित वजावट जाऊन १५,७५,००० उरले. तीन लाखांपर्यंत काही नाही, सात लाखांपर्यंत ५ टक्के, दहापर्यंत १०, बारापर्यंत १५, पंधरापर्यंत २० आणि त्यावर ३०. या टप्प्यांनी १,६२,५०० कर आणि ४ टक्के उपकर मिळून १,६९,००० होतात. मॅडमनी कुठलीही प्रणाली निवडल्याचं लिहून दिलं नव्हतं, त्यामुळे नवी प्रणाली आपोआप लागू झाली होती. शाळेने कापलेला आकडा रुपयाला रुपया जुळतो.

फरक आला नसता तर? ७,५०,००० मधून ७५,००० वजा केले की ६,७५,०००. सात लाखांच्या आत, म्हणजे रिबेटमुळे (ठरावीक उत्पन्नापर्यंत मिळणारी करमाफी) कर शून्य. बिल निघेपर्यंत वर्षभर त्यांचा टीडीएस (पगारातूनच कापला जाणारा कर) कापला गेला नव्हता तो म्हणूनच. मग शेवटच्या दोन महिन्यांत एकदम पावणेदोन लाख. पैसे उशिरा आले यात मॅडमचा काही दोष नाही, पण वरच्या टप्प्यात जाऊन बसल्या त्याच.

हीच अडचण ओळखून कायद्यात कलम ८९ ठेवलं आहे. त्याचा हिशेब नियम २१ए मध्ये आहे आणि तो ऐकायला वाटतो तितका अवघड नाही. फरकामुळे यंदा, म्हणजे पैसे मिळाले त्या वर्षी, किती कर वाढला, ते एकदा काढायचं. हाच फरक त्या त्या वर्षी वेळेवर मिळाला असता, तर त्या वर्षांत मिळून किती कर वाढला असता, ते दुसऱ्यांदा काढायचं. पहिला आकडा मोठा असेल तर दोन्हींमधलं अंतर ही तुमची सवलत. पहिला आकडा लहान असेल तर सवलत शून्य, पण जास्तीचं काही भरावंही लागत नाही.

सूत्र सोपं असलं तरी खरी मेहनत आहे ती फरकाची वर्षवार फोड करण्यात. शाळेने दिलेला फरक तक्ता जुलै ते जून असा होता. वार्षिक वेतनवाढ १ जुलैला लागते, म्हणून तक्ता करणाऱ्याला तेच सोयीचं असतं आणि मीही तसेच केले आहेत. पण आयकराला आर्थिक वर्ष लागतं. त्यातही आपल्या शाळांमध्ये मार्चचा पगार एप्रिलमध्ये निघतो, त्यामुळे फॉर्म १६ मध्ये मार्च ते फेब्रुवारी असे बारा पगार धरलेले असतात. मॅडमचे जुने सगळे फॉर्म १६ तसेच होते. मग फरकही त्याच मापाने तोडायला हवा, नाहीतर पहिल्या वर्षात नऊऐवजी दहा आणि शेवटच्या वर्षात नऊऐवजी आठ महिन्यांचा फरक जाऊन बसतो. आम्ही तक्त्यावर पट्टी ठेवून महिन्यामहिन्याने ओळी पुन्हा जोडल्या. पहिली संध्याकाळ त्यातच गेली.

फोड झाली ती अशी: २०१९-२० चे (जून ते फेब्रुवारी, नऊ महिने) ९०,०००; २०२०-२१ चे १,३५,०००; २०२१-२२ चे १,५५,०००; २०२२-२३ चे १,७०,०००; २०२३-२४ चे २,००,०००. ही बेरीज ७,५०,०००. उरलेले १,५०,००० मार्च ते नोव्हेंबर २०२४ चे.

हे शेवटचे दीड लाख नीट लक्षात ठेवावेत. ते त्याच बिलात आले, त्याच दिवशी खात्यात पडले, पण ते चालू वर्षाचेच होते. त्यावर कलम ८९ ची सवलत नाही. बिल नऊ लाखांचं म्हणून फॉर्ममध्ये नऊ लाख थकबाकी टाकलेली मी पाहिली आहे. तो हिशेब मुळातच चुकतो.

आता पहिला आकडा. मागच्या वर्षांचे साडेसात लाख बाजूला काढले, तर यंदाचं करपात्र उत्पन्न ८,२५,००० आणि त्यावरचा कर उपकरासह ३३,८००. फरक धरून १,६९,०००. म्हणजे मागच्या वर्षांच्या पैशामुळे यंदा वाढलेला कर १,३५,२००.

दुसऱ्या आकड्यासाठी जुनी विवरणपत्रं काढली. २०२२-२३ पर्यंत जुनी प्रणाली, दरवर्षी ८०सी चे (बचत-गुंतवणुकीवरची वजावट) दीड लाख पूर्ण. २०२३-२४ ला नवी प्रणाली. ज्या वर्षी जी प्रणाली प्रत्यक्षात लागू होती, तिचाच दर घ्यायचा. आजच्या सोयीने मागचं वर्ष बदलता येत नाही.

२०१९-२०: करपात्र उत्पन्न ३,४०,०००, फरकासह ४,३०,०००. दोन्ही पाच लाखांच्या आत, रिबेटमुळे कर शून्य. वाढ शून्य.

२०२०-२१: ३,६०,००० चे ४,९५,००० झाले. पाच हजारांनी वाचलं. वाढ शून्य.

२०२१-२२: ३,९०,००० चे ५,४५,०००. आधी शून्य, आता २२,३६०.

२०२२-२३: ४,३०,००० चे ६,००,०००. आधी शून्य, आता ३३,८००.

२०२३-२४: नव्या प्रणालीत ६,४०,००० चे ८,४०,०००. आधी शून्य, आता ४०,५६०.

पाचही वर्षांची मिळून वाढ ९६,७२०. म्हणून सवलत १,३५,२०० वजा ९६,७२०, म्हणजे ३८,४८०. खरा कर १,६९,००० ऐवजी १,३०,५२०.

मॅडम गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "मागच्या वर्षांत माझा कर शून्य होता ना? मग हे शहाण्णव हजार आले कुठून?"

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो आणि तो रास्त आहे. उत्तर रिबेटमध्ये आहे. जुन्या प्रणालीत करपात्र उत्पन्न पाच लाखांपर्यंत असेल तर १२,५०० पर्यंतचा सगळा कर माफ. पण उत्पन्न पाच लाखांच्या वर गेलं की माफी फक्त वरच्या रकमेपुरती जात नाही, सगळीच जाते. २०२१-२२ मध्ये पाच लाखांवर गेलेली रक्कम फक्त ४५,०००. तिच्यावर २० टक्क्यांनी ९,००० कर. पण त्याबरोबर खालच्या पाच लाखांवरचे, एरवी माफ होणारे १२,५०० सुद्धा जिवंत झाले. म्हणून उपकरासह २२,३६०. पगार वेळेवर मिळाला असता तर त्या वर्षी हा कर मॅडमनी भरलाच असता. कलम ८९ उशिरामुळे वाढलेला भार काढून घेतं, वेळेवर लागला असता तो कर माफ करत नाही.

"तेव्हा पैसे मिळाले असते तर मी एन.पी.एस. मध्ये पन्नास हजार टाकले असते," त्या म्हणाल्या. (एन.पी.एस. म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजना.) खरं आहे, आणि कर वाढलेल्या तीनपैकी जुन्या प्रणालीच्या दोन वर्षांत, २०२१-२२ आणि २०२२-२३ मध्ये, त्याने कर कमीही झाला असता. पण तेव्हा न केलेली गुंतवणूक आज धरता येत नाही. या ठिकाणी कायदा कोरडा आहे. साडेपाच वर्षं पैसे हातात नव्हते, महागाई त्यांना खात होती, त्याचीही भरपाई या कलमात नाही.

दुसऱ्या संध्याकाळी मॅडम एका सहकाऱ्याने फोनवर पाठवलेली एक्सेल शीट घेऊन आल्या. शीट सांगत होती: जुनी प्रणाली निवडा, सवलत १,०५,८२० रुपये. माझ्या ३८,४८० च्या पावणेतीन पट. त्यांच्या चेहऱ्यावर साहजिकच प्रश्न होता.

शीटचा हिशेब चुकीचा नव्हता. जुन्या प्रणालीत १६,५०,००० मधून प्रमाणित वजावट ५०,०००, व्यवसाय कर २,५०० आणि ८०सी चे दीड लाख गेले की १४,४७,५००. त्यावरचा कर उपकरासह २,५६,६२०. मागच्या वर्षांचा फरक काढला तर ६,९७,५०० वर ५४,०८०. वाढ २,०२,५४०, त्यातून तेच ९६,७२० वजा, सवलत १,०५,८२०. पण मग भरायचं किती उरलं? २,५६,६२० वजा १,०५,८२०, म्हणजे १,५०,८००. नव्या प्रणालीत १,३०,५२०. मोठ्या सवलतीच्या मागे गेलो असतो तर २०,२८० रुपये जास्त गेले असते.

इथे मी मॅडमना एक ओळ कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिली, आणि या सगळ्या प्रकरणातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ती ही. सवलत लागू होते तेव्हा शेवटी भरायचा कर म्हणजे दोनच गोष्टींची बेरीज असते: मागचा फरक वगळून यंदाचा कर, आणि मागच्या वर्षांत वाढला असता तो कर. नवी प्रणाली: ३३,८०० आणि ९६,७२०. जुनी: ५४,०८० आणि तेच ९६,७२०. दुसरी रक्कम दोन्हीकडे सारखी, कारण ती जुन्या वर्षांची आहे आणि तिला आता हात लावता येत नाही. म्हणून प्रणाली निवडताना थकबाकीकडे बघूच नका. ती बाजूला ठेवा आणि उरलेल्या तुमच्या रोजच्या उत्पन्नावर कुठली प्रणाली स्वस्त पडते तेवढंच पहा. घरकर्जाचं मोठं व्याज, घरभाडं, आईवडिलांचा आरोग्य विमा असं काही असेल तर तिथे जुनी प्रणाली जिंकू शकते. मॅडमकडे ८०सी पलीकडे काही नव्हतं.

मग फॉर्म १०ई. ही सवलत नुसती विवरणपत्रात आकडा टाकून मिळत नाही. आयकर विभागाच्या संकेतस्थळावर फॉर्म १०ई भरावा लागतो, तोही ऑनलाइन आणि विवरणपत्राच्या आधी. २०१४-१५ या आर्थिक वर्षापासून विभाग त्याशिवाय सवलत मानत नाही. विवरणपत्रात सवलत दाखवली आणि १०ई नाही, तर कलम १४३(१) ची सूचना येते, सवलत काढून टाकलेली असते आणि तेवढ्या कराची मागणी व्याजासह समोर येते. गेल्या तीन-चार वर्षांत माझ्याकडे अशा सूचना घेऊन आलेल्या शिक्षकांपैकी बहुतेकांनी हिशेब अचूक केला होता, फक्त हा फॉर्म राहिला होता. त्याचं मला फार वाईट वाटतं. एवढ्या वर्षांनी मिळालेला पैसा अर्ध्या तासाच्या फॉर्मसाठी अडकावा हे बरं नाही.

फॉर्म उघडताना कर निर्धारण वर्ष (उत्पन्नाच्या वर्षाच्या पुढचं वर्ष) विचारलं जातं. तिथे पैसे मिळाल्याच्या वर्षाचं, म्हणजे मॅडमच्या बाबतीत २०२५-२६ निवडायचं. फरक २०१९ चा म्हणून जुनं वर्ष निवडलं की सगळं फसतं. मॅडमच्या मुलाने पहिल्या प्रयत्नात तेच केलं होतं. त्यातल्या जोडपत्रांपैकी पगाराच्या थकबाकीसाठी पहिलं. उपदान, नुकसानभरपाई, निवृत्तिवेतनाचं अंशराशीकरण यांची जोडपत्रं वेगळी आहेत, ती रिकामी सोडायची. तक्त्यात वरच्या पाच ओळी जशाच्या तशा भरल्या. मागच्या वर्षांची विवरणपत्रं दुरुस्त करायची का, हेही त्यांनी विचारलं. गरज नाही. त्या वर्षांची विवरणपत्रं तेव्हाच्या उत्पन्नाप्रमाणे बरोबरच होती. १०ई मधला हिशेब फक्त मनातल्या मनात त्या वर्षांत जाऊन येतो.

१०ई ची पोचपावती आली, मग विवरणपत्र भरलं, मग आधार ओटीपीने पडताळणी. परतावा ३८,४८० चा. जुलैअखेर तो खात्यात आला, वर थोडं व्याजही. त्या व्याजावर पुढच्या वर्षी कर आहे, ते विसरू नका म्हणून पासबुकावर पेन्सिलीने खूण करून दिली.

हे पैसे मुळात कापले न जाताही काम झालं असतं. कलम १९२ च्या पोटकलम २ए प्रमाणे सरकारी कर्मचारी, विद्यापीठ, संस्था, सहकारी संस्था, कंपनी इथला कर्मचारी थकबाकीचा तपशील १०ई मध्ये आपल्या कार्यालयाला देऊ शकतो, आणि टीडीएस कापताना कार्यालय सवलत धरू शकतं. बिल फेब्रुवारीत निघणार हे मॅडमना जानेवारीतच माहीत होतं. तेव्हाच तक्ता फोडून कागद दिला असता, तर १,३०,५२० च कापले गेले असते आणि पाच महिने अडतीस हजार बाहेर राहिले नसते. सातव्या वेतन आयोगाची थकबाकी राज्यात पाच हप्त्यांत मिळाली, तेव्हाही हे करायला वाव होता. त्यातली बरीच रक्कम रोख न मिळता भविष्य निर्वाह निधीत जमा झाली, म्हणून अनेकांनी ती उत्पन्न समजलीच नाही. निधीत जमा झाली तरी तो पगारच, आणि सवलतीचा हक्कही तोच.

एक अडचण मात्र सुटली नाही. मॅडमची मुलगी अभियांत्रिकीला आहे आणि राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा आठ लाख आहे. फॉर्म १६ वर २०२४-२५ चं उत्पन्न साडेसोळा लाख दिसतं. कलम ८९ कर कमी करतं, उत्पन्न कमी करत नाही. कागदोपत्री त्या वर्षी हे कुटुंब श्रीमंत आहे आणि ते श्रीमंतपण साडेपाच वर्षांच्या उशिरातून आलेलं आहे. तहसील कार्यालयात आदेशाची प्रत आणि वर्षवार फरक तक्ता जोडून अर्ज द्या, असं मी सुचवलं. त्याचं पुढे काय होईल हे माझ्या हातात नाही.

त्याच आदेशात मॅडमबरोबर आणखी एक सर आहेत. हे लिहीपर्यंत त्यांचं बिल निघालेलं नव्हतं. ते २०२५-२६ मध्ये मिळालं तर त्या वर्षाचे टप्पे वेगळे आहेत, बारा लाखांपर्यंत रिबेट आहे, सवलत कमी येईल किंवा येणारही नाही. १ एप्रिल २०२६ पासून पुढे मिळालं तर आयकर कायदा २०२५ लागू. थकबाकीची सवलत त्यातही आहे, पण कलम आणि फॉर्मचे क्रमांक जुने चालत नाहीत. त्यांचा फरक तक्ता मी आत्ताच मार्च ते फेब्रुवारी असा फोडून ठेवायला सांगितला आहे, आणि २०१९-२० पासूनची विवरणपत्रं डाउनलोड करून एका फाइलमध्ये लावायला.